पोराला परदेशी शेतावर धाडण्यापूर्वी

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पानावर मी एरवी बेणे, खोडवा, पाचट आणि हुमणी यांच्यापलीकडे जात नाही. ज्याचे काम त्याने करावे. परंतु यावेळचा विषय दिसायला परदेशचा असला तरी त्याचा खर्च आपल्या उसाच्या बिलातून होऊ घातला आहे. तेव्हा ऊस विकास अधिकाऱ्याने त्यात तोंड घातले तर फारसे वावगे होणार नाही, असे वाटते.

झाले असे की, कारखान्याच्या कामासाठी मागे छत्रपती संभाजीनगरला साखर सहसंचालकांच्या कार्यालयात जावे लागले. काम लवकर उरकले. (सरकारी कचेरीत असे क्वचित घडते.) म्हणून क्रांती चौकात उड्डाणपुलाजवळ एका टपरीवर चहाला थांबलो. हा चौक आपल्या लोकांना नवा नाही. १८५७ च्या उठावातील शिपायांना जिथे देहदंड दिला गेला तो काळा चबुतरा इथलाच, आणि चौकाचे नाव ही त्याचीच आठवण. हल्ली मोर्चा असो, उपोषण असो, उसाच्या दराची निदर्शने असोत, माणूस आधी क्रांती चौकात जमतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तिथे महाराजांच्या पुतळ्याकडे तोंड करून घोषणा दिलेल्या आहेत.

त्या दिवशी घोषणा नव्हत्या. पलीकडच्या इमारतीच्या जिन्यावरून आपल्याच एका गटातले जुने सभासद उतरताना दिसले. नाव लिहीत नाही, आबा म्हणू. बरोबर त्यांचा धाकटा मुलगा, वय बावीस. मुलाच्या हातात गुळगुळीत कागदाचे रंगीत पत्रक होते.

“रामराम साहेब. बरं झालं तुमी भेटलात,” आबा म्हणाले. “ह्याला जरा सांगा. न्हाईतर मला तरी सांगा.”

पत्रकावर गोरी मुलेमुली हातात भोपळे घेऊन हसत उभी होती. वर लिहिले होते, ‘आंतरराष्ट्रीय युवा स्वयंसेवक’. युरोपातील एका सामुदायिक शेतावर सहा महिने राहायचे, राहणे-जेवण मोफत, शेवटी प्रमाणपत्र. खाली बारीक अक्षरात ‘नोंदणी, कागदपत्रे व मार्गदर्शन शुल्क’ असे होते. त्यापुढचा आकडा छापलेला नव्हता. तो पेनाने लिहिला होता. तीन लाख ऐंशी हजार. विमानाचे तिकीट वेगळे.

“आबा, पैसे कुठून?” मी विचारले.

आबांनी कपातल्या चहाकडे बघत सांगितले, “ठिबकचे ठेवलेत की.”

आता हे ठिबकचे पैसे म्हणजे काय ते मला ठाऊक होते. आबांची साडेतीन एकर जमीन. विहीर मार्च लागला की तळ दाखवते. २०१६ च्या उन्हाळ्यात, ज्या साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या साली आबांचा उभा ऊस कारखान्याऐवजी जनावरांच्या दावणीला गेला. तेव्हापासून ठिबक करा, ठिबक करा म्हणून मी त्यांच्या मागे लागलो होतो. कुठे दोन वर्षांपूर्वी त्यांनी मनावर घेतले आणि बिलातून थोडे थोडे बाजूला टाकायला सुरुवात केली.

मुलगा काही उडाणटप्पू नाही, हे आधी सांगतो. विज्ञान शाखेतून बी. एस्सी. झालेला आहे, घरची जनावरे सांभाळतो, ट्रॅक्टर चालवतो. तो म्हणाला, “सर, इथं शेतीत काय आहे? तिथं सगळे मिळून शेती करतात, सगळे मिळून जेवतात. कोणी मालक नाही, कोणी नोकर नाही. ते मला बघायचंय.”

मी त्याला म्हटले, “अरे, तुझ्या वडिलांच्या नावावर आपल्या कारखान्याचा शेअर आहे. आपलंही सगळ्यांचं मिळूनच आहे की.”

तो हसला. काही बोलला नाही. ते हसणे मला अजून खटकते आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

मुलगा पाण्याची बाटली आणायला गेला तेव्हा आबा हळूच म्हणाले, “साहेब, खरं सांगू का? तीन ठिकाणी सोयरीक बघितली. पोरगं शेती करतं म्हटलं की पोरीवाले चहाला सुदिक थांबत न्हाईत. परदेशी जाऊन आला म्हंजी नावाम्होरं कायतरी लागंल.”

यावर काय बोलणार? हा प्रश्न एका आबांचा नाही. आपल्या कार्यक्षेत्रातल्या कुठल्याही गावात पंचवीस-तीस वर्षांची किती मुले लग्नावाचून बसली आहेत ते मोजायला गेलो तर हाताची बोटे पुरायची नाहीत. तेव्हा तीन लाख ऐंशी हजार हा खर्च आबांच्या हिशेबात परदेश पाहण्याचा नव्हता. तो मुलाच्या संसाराचा होता.

तरी मी मुलाला तीन गोष्टी विचारल्या. व्हिसा कोणता? ज्या शेतावर जायचे त्याचे नाव-पत्ता आणि तिथल्या माणसाचे पत्र आहे का? दिवसाला किती तास काम आणि आजारी पडलास तर दवाखान्याचा खर्च कोणाचा? त्याच्याजवळ फक्त पहिल्याचे उत्तर होते. टुरिस्ट व्हिसा. “एजंट म्हणाले, विमानतळावर विचारलं तर फिरायला आलोय म्हणायचं.”

इथे माझा तोल गेला. मी म्हटले, ही कसली स्वयंसेवा, ही तर पैसे मोजून विकत घेतलेली बेकायदा मजुरी आहे. आबांना ते लागले. “साहेब, तुमी पोराच्या आड येताय,” असे म्हणून ते उठले. चहाचे पैसेसुद्धा मला देऊ दिले नाहीत.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मला माझेच बोलणे टोचत राहिले. मी पदविकाधारक माणूस, समुद्र ओलांडलेला नाही. दुसऱ्याच्या पोराला जाऊ नको म्हणायचा मला काय अधिकार? म्हणून ही शेतावरच्या स्वयंसेवेची गोष्ट मुळात काय आहे, हे नीट समजून घेतले. जे हाती लागले ते सभासदांसमोर ठेवतो.

शेतावर काम करायचे आणि त्याबदल्यात जेवण व छप्पर घ्यायचे, ही पद्धत चांगली आहे आणि खरी आहे. इंग्लंडमध्ये १९७१ साली सू कॉपर्ड नावाच्या लंडनमधल्या एका सेक्रेटरी बाईंनी ती सुरू केली. शहरातल्या माणसाला शनिवार-रविवार खेड्यात जाऊन सेंद्रिय शेतावर हात चालवता यावेत, एवढीच कल्पना. आज ती ‘वूफ’ या नावाने पुष्कळ देशांत चालते, आपल्या भारतातही आहे. दिवसाला साधारण चार ते सहा तास काम, त्याबदल्यात जेवण आणि झोपायला जागा. मजुरी नाही. शेतकरी पाहुण्याकडून पैसे घेत नाही. यादी पाहण्यासाठी सभासद व्हावे लागते, त्याची वर्गणी किरकोळ असते. म्हणजे प्रवासखर्च आणि वर्गणी सोडली तर यात लाख हा शब्द येण्याचे कारण नाही. जिथे तो येतो तिथे मधल्या माणसाचे पोट भरते आहे, एवढे समजून चालावे.

दुसरी गोष्ट व्हिसाची. नुसत्या जेवण-राहण्याच्या बदल्यात केलेले काम हेसुद्धा बऱ्याच देशांच्या कायद्यात ‘काम’च धरले जाते, न्यूझीलंडमध्ये तर तसे स्पष्टच आहे. टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या मुलाच्या बॅगेत शेतावरचे पत्र सापडले तर विमानतळावरूनच परत फिरण्याची पाळी येऊ शकते. पासपोर्टवर तो डाग बसतो तो पुढेही आडवा येतो. सरळ रस्ते नाहीत असे नाही. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतातील १८ ते ३० वयाच्या एक हजार तरुणांसाठी वर्षाला सोडत ठेवली आहे. त्यात फिरताही येते आणि कामही करता येते. शाळेनंतर दोन वर्षांचे शिक्षण आणि कामापुरते इंग्रजी लागते. आबांच्या मुलाला अर्ज करायला हरकत नाही.

आणि एजंटाबद्दल. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटाला आपल्याकडच्या १९८३ च्या कायद्याखाली सरकारची नोंदणी लागते, आणि त्याने घ्यावयाची रक्कम तीस हजार रुपये व वर कर एवढीच ठरवून दिलेली आहे. मला वाटते, ‘नोकरी’ न म्हणता ‘स्वयंसेवा’ म्हणण्यामागची मेख इथेच आहे. नोकरी म्हटले की कायदा मागे लागतो. स्वयंसेवा म्हटले की सगळे कसे पवित्र होते. साखरेच्या पोत्यात माती भरली तर आपण लगेच ओरडतो. शब्दांत भरली की ओळखत नाही.

आता मुलाच्या बोलण्याकडे येतो. ‘सगळे मिळून शेती, मालक नाही की नोकर नाही,’ हे त्याने कुठून ऐकले असेल याचा विचार करताना मला इस्रायलच्या किबुत्झांची आठवण झाली. पदविकेला असताना सरांनी त्याविषयी सांगितले होते. पहिला किबुत्झ देगानिया, १९१० साली गालील सरोवराच्या काठी दहा पुरुष आणि दोन स्त्रियांनी सुरू केला. जमीन सामाईक, भोजनगृह एक, मिळकत एका पेटीत, आणि मूळ नियम असा की दुसऱ्याच्या श्रमावर जगायचे नाही, मजूर लावायचा नाही. भांडी घासण्याची पाळी प्रत्येकावर येणार, मग तो कितीही मोठा असो. १९६७ च्या युद्धानंतर युरोप-अमेरिकेतून तरुण मुले तिथे स्वयंसेवक म्हणून जाऊ लागली. पुढच्या काही दशकांत लाखो मुले जाऊन आली. संत्री तोडायची, केळीचे घड वाहायचे, भोजनगृहात भांडी घासायची. खोली, जेवण आणि थोडा हातखर्च मिळायचा. (आपल्या कोकणातले बेने इस्रायली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत, तेही १९४८ नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. तेव्हा त्या देशात मराठी कानावर पडली तर आश्चर्य मानू नये.)

ज्या ठिबकसाठी मी आबांच्या मागे लागलो, ते ठिबकसुद्धा असल्याच एका किबुत्झातून बाहेर पडले. गळक्या नळीजवळचे एक झाड इतरांपेक्षा जोमाने वाढलेले पाहून सिम्खा ब्लास नावाच्या अभियंत्याला ती कल्पना सुचली असे सांगतात. १९६५ मध्ये नेगेवच्या वाळवंटातल्या हात्झेरिम किबुत्झाने त्याच्याबरोबर कारखाना काढला. वाळवंटातल्या सामुदायिक शेताने स्वतःची गरज ओळखली आणि सगळ्यांच्या पैशातून यंत्र उभे केले. हे मला मोठे वाटते. मात्र एक नोंदवून ठेवतो. ते ठिबक आपल्या बांधावर कोण्या स्वयंसेवकाने आणले नाही. ते कंपन्यांनी आणले, जळगावकडच्या केळीवाल्यांनी वापरून दाखवले, मग आपण घेतले. तिकडे जाऊन आलेला मुलगा आपोआप ज्ञान घेऊन येतो, हा समज तेवढा खरा नाही. संत्री तोडणारा संत्री तोडायला शिकतो.

किबुत्झही तसे राहिले नाहीत. १९८० नंतरच्या दशकात महागाई आणि कर्ज यांनी त्यांचे कंबरडे मोडले. बऱ्याच ठिकाणी सारखी वाटणी जाऊन कामाप्रमाणे पगार आला, आणि शेतात थायलंडचे मजूर आले. मजूर लावायचा नाही हा ज्यांचा पहिला नियम, त्यांच्या शेतात आज बहुतेक तोडणी परदेशी हात करतात.

त्या हातांतच नेपाळचे विद्यार्थीही होते. ‘शिका आणि कमवा’ या योजनेतून नेपाळच्या सुदूरपश्चिम भागातील विद्यापीठाची कृषीची मुले २०२३ मध्ये गाझाच्या सीमेजवळच्या अलुमिम किबुत्झात गेली होती. जाऊन काही आठवडेच झाले होते. ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात त्यांच्यापैकी दहा जण मारले गेले. विशी-बाविशीची, शेतकऱ्यांची मुले. त्यांच्या आईबापांनीही आबांसारखाच हिशेब केला असणार. एजंट, विद्यापीठ, सरकार यांना बोल लावण्याचा माझा इथे हेतू नाही. हल्ला सांगून होत नाही. पण मुलगा जातो ते गाव सीमेपासून किती अंतरावर आहे, एवढा नकाशा तरी बापाने बघावा की नाही? आपण बेण्याचे डोळे तपासून लावण करतो.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, साहेबांना परदेशी मुले आणि परदेशी शेते यांचे वावडे आहे. तसे मुळीच नाही. उलट परदेशी तरुणांनी एका सामुदायिक शेतावर येऊन काय केले, याचे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. ते म्हणजे वरोऱ्याचे आनंदवन.

बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे सरकारने दिलेल्या खडकाळ, झाडोऱ्याच्या पन्नास एकरांवर, मूठभर कुष्ठरुग्णांना घेऊन बस्तान मांडले. पहिले काम विहीर. बोटे झडलेल्या हातांनी त्यांनी ती खोदली. पाणी लागले, भाजीपाला आला, आणि घरी खाऊन उरू लागला. परंतु विकायचा कुणाला? कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी गावात कोणी घेईना. ज्याने माल पिकवून बाजारात परत फिरवला आहे त्यालाच त्या दुःखाची कल्पना येईल.

पुढे १९५४ च्या सुमारास सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेची निरनिराळ्या देशांतली तरुण मुलेमुली तिथे आली. ही संस्था पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने १९२० मध्ये, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेली फ्रान्समधली गावे पुन्हा उभारण्यासाठी सुरू केली. बिहारमध्ये १९३४ चा भूकंप झाला तेव्हा सेरेसोल स्वतः काही सोबत्यांना घेऊन आपल्या देशात आला आणि तिथली मोडलेली खेडी उभारायच्या कामाला लागला. त्याच परंपरेतली ही मुले. त्यांनी आनंदवनात राहून विटा-चुना वाहिला, दवाखान्याच्या इमारती बांधल्या. आता, इमारत काय, वरोऱ्याचे गवंडीही बांधू शकले असते. पण या मुलांनी एक गोष्ट अशी केली की जी वरोऱ्यात दुसऱ्या कोणाला जमली नव्हती. ती कुष्ठरुग्णांबरोबर राहिली आणि त्यांनी पिकवलेले अन्न जेवली. गावाने ते पाहिले. साहेबांची पोरे खातात आणि त्यांना काही होत नाही, तर मग आपण का भ्यायचे? हळूहळू आनंदवनाची भाजी वरोऱ्याच्या बाजारात खपू लागली.

मला ही हकीकत फार महत्त्वाची वाटते. तिथे बाहेरून आलेल्या माणसाच्या घामाला तेवढी किंमत नव्हती, घाम आपल्याकडे पुष्कळ आहे. तो गावातला नव्हता आणि त्यामुळे गावाची भीती त्याच्या अंगात नव्हती, याला किंमत होती. आणि या मुलांना कुणी पत्रकावर भोपळ्याचे चित्र दाखवून आणले नव्हते.

बाबांनी पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळ सोमनाथला शेती उभी केली आणि तिथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ती मे महिन्यात भरते. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे काय हे आपल्या मराठवाड्याच्या माणसालाही तिथे गेल्यावरच कळते. मी स्वतः १९९९ साली पदविका संपल्या संपल्या गेलो होतो. माझ्याबरोबर पुण्या-मुंबईची, कॉलेजातली मुलेमुली होती. पहाटे उठायचे, कुदळ-फावडे-घमेली घेऊन बांधावर जायचे, ऊन चढेपर्यंत माती ओढायची. दुपारी व्याख्याने, संध्याकाळी गाणी. मला वाटले होते की मी शेतकऱ्याचा मुलगा, मला काय त्यात नवे? पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी एक गृहस्थ घमेले उचलायला उभे राहिले. त्यांच्या हाताला बोटे नव्हती. दोन्ही तळव्यांत धरून ते माझ्यापेक्षा जलद माती देत होते. मी दोनदा हात मागे घेतला, हे आज कबूल करतो. तिसऱ्या वेळी नाही घेतला. त्या आठ दिवसांत शेतीचे नवे तंत्र मी एकही शिकलो नाही. परंतु नंतर नोकरीत लागल्यावर कुणाच्याही वस्तीवर, कुणाच्याही घरी पाणी प्यायला मी थांबलो नाही, त्याचे मूळ तिथे आहे. मला तिकडे जायला एस.टी.चे भाडे आणि थोडी वर्गणी एवढाच खर्च आला होता.

आणि आता ते आबांच्या मुलाचे हसणे.

तो का हसला असेल? आपला कारखाना सहकारी आहे, सभासद मालक आहेत, हे आपण दर वार्षिक सभेत ऐकतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ प्रभृतींनी १९५० साली पहिला सहकारी कारखाना चालू केला तेव्हा त्यांच्या मनात हेच होते, शेतकऱ्याने मिळून मालक व्हायचे. ते झाले. पण मालक नाही की नोकर नाही, असे आपल्याकडे म्हणता येईल का? आपला ऊस बीड जिल्ह्यातून आलेली जोडपी तोडतात. आपण त्यांना माणूस म्हणून मोजत नाही, ‘कोयता’ म्हणून मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेऊन ती दिवाळीच्या आगेमागे येतात, पहाटेच्या थंडीत, कधी रात्रीसुद्धा, पाचटात उतरतात, आणि त्यांची मुले पाचटाच्या कोपीत किंवा साखर शाळेत. किबुत्झवाल्यांचा नियम पुढे मोडला. आपण तो नियम केलाच नव्हता. आपल्या सभासदांच्या मुलांपैकी किती जणांनी आयुष्यात एक मोळी बांधून गाडीवर चढवली आहे? माझ्या स्वतःच्या मुलाने नाही. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण खोटे लिहिण्यापेक्षा बरे.

तेव्हा मुलगा जे शोधायला सहा महिने आणि चार लाख खर्च करायला निघाला होता, त्यातले निम्मे त्याच्या घरापासून सहा किलोमीटरवर कारखान्याच्या गव्हाणीपाशी आहे. आणि राहिलेले निम्मे आपल्याकडे नाही, हेही त्याला दिसते. म्हणून तो हसला, असे मला वाटते.

मी नोकर माणूस आहे, धोरण ठरवणे संचालक मंडळाचे काम. तरी एक सुचवतो. येत्या हंगामात पहिल्या महिन्यात सभासदांच्या वीस मुलामुलींना दहा दिवस कारखान्यावर ठेवून घ्यावे. मुलींनाही, हे मुद्दाम लिहितो. दोन दिवस बेणेमळ्यात आणि माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत. कोएम ०२६५ आणि को ८६०३२ यांचे बेणे डोळ्यांनी ओळखता येईपर्यंत सोडायचे नाही. दोन दिवस गव्हाणीपासून पोत्यापर्यंत. दोन दिवस साखर शाळेत मुलांना शिकवायचे, आणि बाकीचे दिवस पहाटे तोडीच्या फडात, तोडकऱ्यांच्या बरोबर, त्यांच्याच चुलीवरची भाकरी खाऊन. हार्वेस्टरच्या फडात नको. कारखान्याने मुलांना जेवण-झोपण्याची सोय द्यावी, भत्ता देऊ नये. प्रमाणपत्र द्यायचे असेल तर द्यावे. आजकाल त्यावाचून पोरे हलत नाहीत. तोडकऱ्यांना या पोरांचा काही उपयोग होईल असे नाही, उलट पहिले दोन दिवस लुडबुडच होईल. त्यांच्या टनेजात येणारी खोट शेतकी विभागाने भरून द्यावी. मी त्या वीसांत माझ्या मुलाचे नाव पहिले देतो.

सोयरिकीच्या प्रश्नावर माझ्याजवळ औषध नाही. शेती करणाऱ्या मुलाला बायको मिळावी म्हणून त्याला शेतीपासून दूर धाडायचे आणि परत आल्यावर पुन्हा शेतीतच जुंपायचे, हा हिशेब मला तरी जुळत नाही. पण मुलीच्या बापाच्या जागी मी असतो तर काय केले असते, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. माझी मुलगी अकरावीत आहे.

आबांचा मुलगा मागच्या पंधरवड्यात गट कार्यालयात आला होता. एकटाच. एजंटाकडे शेताचे नाव-पत्ता तीन वेळा मागितला, तो मिळाला नाही, तेव्हा त्याने पैसे भरले नाहीत. नोंदणीचे म्हणून दिलेले दहा हजार मात्र परत मिळालेले नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या सोडतीचा अर्ज कसा करतात ते त्याने विचारले, आणि सोमनाथची छावणी कधी असते तेही विचारले. दोन्ही सांगितले. जाताना म्हणाला, “सर, तोडीच्या फडाचं तुम्ही म्हणालात ते करणार का खरंच?” मी म्हटले, मंडळासमोर ठेवतो.

आबा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. परवा वजनकाट्यावर भेटले तर रामराम घेतला, थांबले नाहीत. ठिबकची नळी मात्र एका एकरात अंथरून झाली आहे. बाकीच्या अडीच एकरांचे बघू म्हणाले.

ज्या सभासदांच्या घरी असली पत्रके आली असतील त्यांनी पैसे भरण्यापूर्वी पत्रक घेऊन मंगळवारी बाजाराच्या दिवशी शेतकी कार्यालयात यावे. दुपारी दोननंतर मी असतो. मुलालाही बरोबर आणावे, आणि पासपोर्ट एजंटाकडे ठेवला असेल तर आधी तो परत घेऊन यावे.